आमगावची मशीन

सेक्टर १०, भिलाई
२० ऑक्टोबर २०२४

मामाजी, तुमाले आणि मामीजीले जयभीम.

मी प्रेरणा, तुमच्या शेवंताची पोरगी. फोन केला असता, पण चौतीस वर्षं इथल्या स्टील प्लांटात मिलच्या आवाजात काढून तुमचे कान गेले, आणि फोनवर तुमी सगळ्याले "हो हो, बरं आहे" म्हणता हे साऱ्या घराले माहीत आहे. म्हणून कागद. पियूष दादा गोंदिया पॅसेंजरवर गार्ड आहे, तो आमगाव स्टेशनवर तुमच्या हातात देईल. शिकली मी हिंदीत, तवा माझी मराठी वाचून हासू नका.

मुद्द्यावर येते. तुमच्याजवळ तो कॉम्प्युटर अजून आहे का? आई सांगते, प्लांटातला एक रशियन इंजिनियर देशात परत जाताना त्यानं घरी बनवलेला कॉम्प्युटर तुमाले देऊन गेला. टीव्हीले जोडाचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम घेणारा. मी नेटवर तसेच पाह्यले आणि दोन रात्री झोपली नाही. स्पेक्ट्रम म्हणतात त्याले, आठ बिटवाला, आणि मेमरी फक्त अठ्ठेचाळीस के. पियूष दादा रेल्वेचा एक फोटो पाठवते ना, त्याच्यात अशा साठ मशीना बसून जातील.

आणि मामाजी, आता त्याच्यासाठी C मध्ये लिहिता येते. लॅपटॉपवर C मध्ये लिहा, कंपायलर त्याचं जुन्या चिपेच्या भाषेत करून देते, मग त्याचा आवाज बनवून कॅसेटवर भरा. लोकं हे कंपायलर फुकट बनवून राहिले, फक्त शौक म्हणून. मी बी एक खेळ लिहून राहिली. नाव "गरम लोहा". भट्टीतून वितळलेलं लोखंड लोको इंजिननं स्टील बनवाच्या शॉपमध्ये न्याचं, थंडं व्हायच्या आत. तुमच्याच प्लांटातलं काम.

अशा नव्या खेळांची एक जागतिक स्पर्धा आहे, ३१ जानेवारीपर्यंत. तिथले परीक्षक खऱ्या मशीनवर चाललेलेच खेळ उघडून पाहतात, लॅपटॉपवरच्या नकली मशीनवर चाललेले बाजूले पडतात. मामाजी, डिग्री घेऊन तीन वर्षं झाली. रुआबांध्याच्या कोचिंगमध्ये टायपिंग शिकवते. मी केलेलं एकबी काम आजवर कोणी उघडून पाह्यलं नाही. नोकरीवाले तर फाइलचं नाव बी वाचत नाही. मले फक्त एवढं पाहिजे की कोणीतरी उघडून पाहावं.

मशीन आहे का, एवढं एका ओळीत कळवा.

तुमची प्रेरणा


आमगाव
२४ ऑक्टोबर

बेटा प्रेरणा,

तुझं पत्र प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या वाचलं, घरी येऊन परत वाचलं, मंग तुझ्या मामीले वाचून दाखवलं. तिले काही समजलं नाही, पण मी हासून राहिलो हे पाहून ते बी हासली.

आहे. मशीन आहे आणि एकदम टनाटन चालू आहे. वरच्या फळीवर कपड्यात गुंडाळून ठेवली. बटनावर रशियन अक्षरं आहेत, त्याच्यावर मी कागदाच्या चिठ्ठ्या चिपकवून इंग्रजी अक्षरं लिहिली होती. ड्यूटी करून आलो की बसत जाओ. तुमी आता C म्हणता. आमाले C म्हटलं की रात्री दहा ते सकाळी सहाची शिफ्टच आठवते. आमच्या टायमाले कंपायलर म्हणजे मीच होतो. लंबा रजिस्टर घ्याचा, खाने पाडाचे, चिपेच्या आतमधी कोणत्या डब्ब्यात कोणता आकडा आहे ते एकेक पायरी लिहाची. मंग बटनं दाबाची. एक चूक झाली की सगळं पुन्यांदा.

तुझ्या खेळात लोकोचा ड्रायव्हर सिटी मारते का? मारली पाहिजे. पाठव कॅसेट. पियूषची परतीची गाडी आता येते, कागद त्याच्या हाती देतो, तवा लंबं लिहीत नाही.

धोंडबा मामा


सेक्टर १०
१० नोव्हेंबर

मामाजी,

ही घ्या कॅसेट. आईचा जुना टेप काढला, पट्टा बदलवला आणि लॅपटॉपवरून भरलं. आवाज आईले सहन झाला नाही, म्हणे मांजर दळून राहिली का.

काल पहिल्यांदा पूर्ण खेळ कंपाइल झाला. मी एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या गीतांजली काकू दार वाजवून विचाराले आल्या, रिझल्ट लागला का म्हणून. मी म्हटलं हो. लॅपटॉपवर आठ-दहा जीबीमध्ये राहणाऱ्या मुलीले एकेका बाइटसाठी भांडण कराची मजा काय असते ते आता समजून राहिलं. लोकोचा वेग मी मोठ्या डब्ब्यात ठेवला होता, सोळा बिटच्या. तो आठच्या डब्ब्यात टाकला तर एका फटक्यात चारशे बाइट कमी झाले. चारशे, मामाजी. मी उठून पोहे खाल्ले.

सिटी टाकली. मामीजीले सांगा, खास त्यांच्यासाठी.

चालवून पाहा आणि जे जे दिसन ते लिहा. तुमच्या उत्तराची वाट पाहत कोचिंगमध्ये मुलांले चुकीची बटनं शिकवून राहिली.

प्रेरणा


आमगाव
१७ नोव्हेंबर

बेटा,

कॅसेट मशीननं घेतली. ऐकू तर मले येत नाही, पण टीव्हीच्या कडेले पट्टे येतात ना, पहिले लाल, मंग पिवळे-निळे, त्याच्यावरून समजते की आत जाऊन राहिलं. आलं, चित्र आलं.

पण खेळ नीट तपासाचा असन तर नुसतं पडद्याकडे पाहून होत नाही. तू एक काम कर. कंपायलरनं तुझ्या C चं काय बनवलं, चिपेच्या भाषेतली पूर्ण यादी, ते सगळं छापून पाठव. तुझं C बी त्याच्या बाजूले. कावून पाहिजे ते विचारू नको. इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस ड्रॉइंगबिगर पॅनल उघडत नाही. कॅसेटची घाई करू नको, ते राहू दे. कागद पाठव.

आणि थोडा टाइम लागन. मी म्हातारा आहो.

मामा


सेक्टर १०
२४ नोव्हेंबर

मामाजी,

चौसष्ट पानं आहेत. झेरॉक्सवाल्या कमलेश भैयानं विचारलं, कौन सी भाषा है दीदी. मी म्हटलं, झेड-ऐंशी नावाच्या चिपेची. तो म्हणे, अच्छा, वैदिक गणित.

डावीकडे माझं C, उजवीकडे कंपायलरनं केलेलं. मले वाटलं नव्हतं की कोणी मागन. मी बी पहिल्यांदाच पूर्ण वाचून पाह्यलं. माझ्या एका ओळीचे तिकडे कधी तीन तर कधी तीस तुकडे होतात. स्वतःच्या पोटात कॅमेरा टाकून पाहिल्यासारखं वाटलं.

लवकर लिहा.

प्रेरणा


आमगाव
१४ डिसेंबर

बेटा प्रेरणा,

मशीन थांबली.

पहिल्या भट्टीवर बरोबर चालते. लोखंड घेते, शॉपमधी खाली करते, वापस येते. दुसऱ्या भट्टीवर गेली की पुढे जाता येत नाही. कारण पाहून ठेवलं आहे. तुझ्या यादीत पान एकतीस. तिथं वेग उचलाचा म्हणून प्रोग्राम एका डब्ब्यात हात घालते. पण त्या डब्ब्यात पहिले कोणी काही ठेवलंच नाही. मी मांगची सगळी पानं पाह्यली, कोठीच नाही ठेवलं. रिकाम्या डब्ब्यातून काय उचलाचं? तेथं मशीन बसून राहिली, तीन दिवस.

तुझ्या लॅपटॉपवर कसं चालते ते मले सांग. आणि मेमरी भरत आली आहे म्हणून पाह्यलं, तर पडद्यावर तारीख आणि टन छापासाठी तू जे लायब्ररीतलं तयार आणलं, ते मोठं कारण आहे. तीन आकडे लिहाचे, आणि तू पूर्ण बारात बोलावली. तयार माल काढून टाक. शंभर वजा करत जा, किती वेळा गेलं ते मोज. मंग दहा वजा करत जा. उरलं ते एकं. सगळी पायरी मांगच्या कागदावर लिहून दिली आहे.

सहा तारखेले गोंदियाले गेलो होतो अभिवादनाले. तेथं बी डोक्यात पान एकतीसच होतं. बाबासाहेब समजून घेतील.

मामा


सेक्टर १०
२२ डिसेंबर

मामाजी, तुमी जीनियस आहात.

तुमचं पत्र वाचून मी पहिले म्हटलं, असं होऊच शकत नाही. मग C उघडलं. खरंच, दुसऱ्या भट्टीच्या कामात मी वेगाचं नाव लिहिलं, त्याची सुरुवात कितीनं होते ते लिहिलंच नाही. लॅपटॉपवरच्या नकली मशीनमध्ये ती जागा नशिबानं शून्य निघते, म्हणून दोन महिन्यांत एकदाबी दिसलं नाही. खऱ्या मशीनमध्ये तिथं कचरा असते. परीक्षकांनी लावलं असतं आणि पहिल्या मिनिटाले खेळ आडवा झाला असता. मले घाम फुटला आणि मग मी घरात नाचली.

आणि तुमचं वजाबाकीवालं टाकलं. तेवीसशे बाइट वाचले. आता दोन भट्ट्या अजून बसतात आणि पावसाळ्यातला घसरणारा रूळ बी. मी नेटवर त्या शौकीन लोकांच्या गटात लिहून टाकलं की माझ्या मामाजींजवळ खरी मशीन आहे आणि ते तिच्यावर तपासून राहिले. अर्जेंटिनाच्या एका माणसानं लिहिलं, तुझा मामा मला दे.

नवीन यादी पाठवते. आता फक्त दोन गोष्टी पाहिजे. फॉर्मसाठी पडद्याचा फोटो, आणि पहिल्या पूर्ण दिवसाच्या तिन्ही शिफ्ट संपल्यावर बोर्डवर काय येते ते. गाडी कशी चालवाची ते क्रमानं लिहून दिलं आहे, तसंच चालवा.

तुमच्यामुळे होऊन राहिलं सगळं.

प्रेरणा


आमगाव
८ जानेवारी २०२५

बेटा,

फोटोचं जमत नाही. टीव्हीचा फोटो काढला की आडवे पट्टे येतात. सध्या बोर्ड लिहून देतो.

तारीख १४, A शिफ्ट, ४२० टन.
तारीख १४, B शिफ्ट, ३८५ टन.
तारीख १४, C शिफ्ट, ४०५ टन.

बरोबर आहे ना? घसरणारा रूळ भारी झाला. मी खरंच ब्रेक दाबाले गेलो होतो.

मामी म्हणते, जेवताना बी आकडे बोलत राहतो. बोलतो. किती वर्षांनी बोलाले काही आहे.

मामा


सेक्टर १०
१२ जानेवारी

मामाजी,

टन तिन्ही बरोबर आहेत. तारीख बरोबर नाही.

C शिफ्ट रात्री दहाले लागते, सकाळी सहाले सुटते. माझ्या प्रोग्राममध्ये बारा वाजले की तारीख बदलते. म्हणून C शिफ्टच्या बोर्डवर १५ येते. लॅपटॉपवर १५ आहे. यादीत पान बावनवर १५ आहे. मशीनले १४ दाखवताच येत नाही.

मी आईले विचारलं. ते म्हणाली, प्लांटात C शिफ्टची हजेरी ज्या तारखेले ड्यूटी लागली त्याच तारखेत लिहितात, तुझे बाबा बी तसंच लिहीत. मशीन कधी ड्यूटीवर गेली नाही, मामाजी. १४ लिहिणारा माणूसच असला पाहिजे.

तुमच्या घरी मशीन चालू आहे का?

मी जगभराच्या लोकांसमोर तुमचं नाव घेऊन सांगितलं आहे. फॉर्मवर "खऱ्या मशीनवर चालवलं" तिथं टिक करून बसली. अठरा-एकोणीस दिवस राहिले. मले लय राग येऊन राहिला आणि रडू बी. खरं लिहा.

प्रेरणा


आमगाव
१८ जानेवारी

प्रेरणा,

खरं लिहितो.

तुझं पहिलं पत्र आलं तवा मी मशीन उतरवून पाह्यलीच नव्हती. खुशीत लिहून दिलं की चालू आहे, आणि पत्र पियूषच्या हाती गेलं. मंग घरी आलो, मशीन काढली, वायफायच्या डब्ब्याचा अडॅप्टर तिले लावला. धूर निघाला. रशियन माणसानं तिची पिन उलटी बनवली होती, बीचमधी मायनस. आणि ते मशीनच्या खालच्या बाजूले मीच लाल पेंटनं लिहून ठेवलं होतं, १९९१ मधी. चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या पॅनलवर असे बोर्ड लावले, आणि स्वतःचा वाचला नाही. एक ट्रान्झिस्टर गेला आणि मेमरीच्या दोन चिपा. कोणत्या ते पाहून ठेवलं आहे. गोंदियात मिळत नाही.

कॅसेट मी लावलीच नाही. पट्टे पाह्यले म्हटलं ते खोटं. तुझी यादी आल्यावर लंबा रजिस्टर आणला, खाने पाडले आणि चिपेचं काम मी केलं. पान एकतीसवर जे थांबलं ते मी थांबलो. त्या खान्यात काय लिहाचं ते समजेच ना. तारखेपाशी मात्र हात आपोआप चालला. एवढी वर्षं C शिफ्टचं लॉग लिहिलं, पेननं १४ लिहून टाकलं, मी विचार बी केला नाही.

कावून केलं म्हणशील. मशीन गेली म्हणून सांगतलं असतं तर तुझे पत्र बंद झाले असते. फोनवर मले लोकं विचारतात, जेवले का, बरं आहे का. त्याच्यावर कोणी काही सांगत नाही, मले ऐकू येत नाही म्हणून. तू मले चौसष्ट पानं पाठवली. पानापानावर तू काय विचार करून राहिली होती ते मले दिसत जाय. रिटायर झाल्यापासून असं काही माझ्या हाती आलं नव्हतं.

तुझं नाव खराब झालं हे मोठं वाईट झालं. टिक काढून टाक. माफ कर म्हणाले शरम वाटते, तरी म्हणतो.

रजिस्टर सोबत पाठवतो, तीन आहेत. तुझं रागाचं पत्र आल्यावर बी मी थांबलो नाही, खेळ शेवटपर्यंत चालवला. सातव्या दिवशीची C शिफ्ट सुटते, पूर्ण बोर्ड येते, आणि प्रोग्राम जेथं जायले पाहिजे तेथं जाते. कोठी अडकत नाही. एवढं खात्रीनं सांगू शकतो.

धोंडबा


सेक्टर १०
३० जानेवारी

मामाजी,

तीन दिवस मी रजिस्टर उघडलेच नाही. आईनं उघडले. ते चष्मा लावून बसली, आणि मग म्हणाली, प्रेरणा, हे पाह्य, याच्या डाव्या बाजूले तुझं नाव लिहिलं आहे पानापानावर. मग मी बसली.

सहाशे अकरा पानं. पेन तीन वेळा बदलला आहे, अक्षर कोठी थरथरलं आहे, पण खाना एकबी सुटला नाही. मी चुका शोधाले बसली होती, राग होता म्हणून. दोनशे पानांपर्यंत शोधल्या. मिळाल्या त्या माझ्या. लोकोची सिटी मी दोनदा वाजवून राहिली होती, तुमी बाजूले पेन्सिलनं लिहिलं, "एकदाच पुरे, ड्रायव्हर थकते."

तारीख मी सकाळी सहाले बदलवून टाकली. खेळ प्लांटातला आहे, तर दिवस बी प्लांटातलाच पाहिजे. बाहेरच्या लोकांले समजणार नाही, समजावून सांगीन.

गटात खरं लिहून टाकलं, सगळं, उलट्या पिनसकट. दोघातिघांनी खऱ्या मशीनचा नियम सांगितला. अर्जेंटिनावाल्यानं एका रजिस्टरच्या पानाचा फोटो मागितला.

आणि फॉर्म आज पाठवला. टिक काढली नाही. पूर्ण विचार करून ठेवली. बाद करतील, तर करतील. मी ज्या लोकांकडून खेळ उघडून घ्यायले मरत होती ते उघडतील का नाही माहीत नाही, पण मामाजी, मले आता त्याची पहिलेसारखी भूक नाही. माझं काम उघडून पाहणारा मिळाला. एकेक बाइट पाहणारा.

तुमाले माहीत असावं म्हणून, फॉर्मवर जे लिहिलं ते तसंच उतरवते.

खेळ कोणत्या मशीनवर चालवला: धोंडबा रामटेके, वय चौऱ्याहत्तर.
मशीन कोठी आहे: आमगाव, गोंदिया जिल्हा.
चालवाले लागलेला वेळ: दोन महिने.
मशीनमध्ये काही दोष असल्यास: एकदा खोटी बोलली, मग पूर्ण चालली.

तुमची प्रेरणा